सगळ्यात स्वच्छ नमुने

१

"निगेटिव्ह म्हणजे काय हो, बाई?"

सोमवारी सकाळी मी अजून पर्ससुद्धा टेबलावर ठेवली नव्हती, तोच हा प्रश्न आला. विचारणारी बाई दारातच उभी होती. गमबूट चिखलाने माखलेले, हातात आमच्याच प्रयोगशाळेच्या शिक्क्याचा कागद.

"म्हणजे रोग नाही," मी म्हटलं.

"मग माझी एकशे बारा डुकरं कशाने मेली?"

मी कागद घेतला. दहा डुकरांच्या रक्ताची तपासणी, अकरा दिवसांपूर्वीची. आफ्रिकन ताप: निगेटिव्ह, दहाच्या दहा. खाली सही माझी.

हा ताप आमच्या भागात नवीन. माणसाला काही करत नाही, पण डुकरांत शिरला की शंभरातली नव्वद-पंच्याण्णव जातात. लस नाही, औषध नाही. करण्यासारखं एकच असतं, वेळेत ओळखायचं आणि त्या फार्मवरची डुकरं मारून पुढची वाचवायची. ओळखायचं काम आमचं. आम्ही चुकलो की रोग मोकाट.

बाहेर टेम्पोत तिने एक मेलेलं डुक्कर आणलं होतं. मी स्वतः ते फाडलं. प्लीहा फुगून काळीठिक्कर पडलेली. दुपारपर्यंत यंत्रानेही सांगितलं, विषाणू नुसता आहे असं नाही, खच्चून भरलाय.

"नमुने घेतले तेव्हा डुकरं धडधाकट होती का?" मी मालकीणबाईंना विचारलं.

"छे हो! सात मेली होती, म्हणून तर डॉक्टरांना बोलावलं. तापाने पडलेल्यांचंच रक्त काढा, असं मीच म्हटलं."

तापाने पडलेल्या दहा डुकरांच्या रक्तात विषाणू नाही, हे होऊच शकत नाही. म्हणजे कोणीतरी चुकलं होतं, किंवा कोणीतरी मुद्दाम केलं होतं.

साहेबांनी मात्र दहा मिनिटांत निकाल लावून टाकला. आमचे साहेब म्हणजे, छप्पर गळायला लागलं तर बादलीवर ठपका ठेवणारा माणूस. "नळ्यांची अदलाबदल. टेक्निशियनचा निष्काळजीपणा. शनिवारी संध्याकाळपर्यंत तुमचा चौकशी अहवाल द्या, सोमवारी तिला काढतो."

"आणि नमुने काढणारे?"

"ते तर तुमचे बंधू," साहेब हसले. "तीस वर्षांत एक डाग नाही त्या माणसावर. तिकडे कशाला जाता? टेबलावरचं काय ते बघा."

२

तिला प्रयोगशाळेत सगळे छटाक म्हणतात. अंगाने तेवढीच आहे म्हणून. नऊ वर्षं कंत्राटावर, आणि या वर्षी कायम होणार होती. असा ठपका घेऊन बाहेर पडली तर तिला कुठलीच प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

ती रडत वगैरे नव्हती. रजिस्टर उघडून बसली होती.

"मॅडम, मी चुकले असेन तर काढा मला. पण कुठे चुकले ते दाखवा आधी."

"उरलेलं रक्त आहे?"

"फ्रीझरमध्ये. दहाही नळ्या. सील मी तोडलं त्याची वेळ लिहिली आहे."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि सगळं माझ्या हाताने केलं. बावन्नाव्या वर्षी पिपेट धरून मान आखडली माझी. यंत्राने तीन तासांनी उत्तर दिलं. दहाही निगेटिव्ह.

म्हणजे छटाकच्या हातून यंत्रापाशी काही गोंधळ झाला नव्हता. नळ्यांमध्येच विषाणू नव्हता. तिचा चेहरा जरा उजळला, पण माझा नाही.

"साहेब म्हणतील, नळ्याच बदलल्या हिने."

"मी? आणि बदली रक्त कुठून आणू? घरी डुकरं पाळलीत का मी?" ती उसळून म्हणाली. मग आवाज खाली आला. "मॅडम, नेमके डॉक्टरांचेच नमुने निघावेत ना. बाकीचे लोक काय काय पाठवतात! गोठलेलं, अर्ध्याच नळ्या, शेण लागलेलं. डॉक्टरांचे नमुने सगळ्यात स्वच्छ असतात. मी नवीन मुलींना दाखवते, नमुना कसा हवा म्हणून."

ऐकून मला बरं वाटलं. दादाचं कौतुक कोणी केलं की अजूनही माझी मान ताठ होते.

मग ड्रायव्हरला बोलावलं. नमुन्यांची बर्फपेटी त्यानेच आणली होती. दोन प्रश्नांतच त्याला घाम फुटला.

"वाटेत थांबलो होतो, मॅडम. दोन तास. मेहुणीच्या घरी. पण बर्फ होता हो पेटीत! थोडा होता."

पण रक्त गरम होऊन सडलं असतं, तर ते यंत्राने दाखवलं असतं. आम्ही नुसता विषाणू शोधत नाही. प्रत्येक नळीत डुकराचा स्वतःचा जीनही शोधतो, आणि तो किती फेऱ्यांनी सापडला त्याचा आकडा येतो. तो सापडलाच नाही, तर नळीत रक्त आहे की लाल पाणी, कळणार कसं? इथे तो दहाही नळ्यांत ठणठणीत होता.

"जा, आणि मेहुणीकडे रविवारी जात जा," मी म्हटलं.

म्हणजे रक्त डुकराचंच होतं, चांगलं होतं, आणि आजारी डुकरांचं नव्हतं. मग ते आलं कुठून?

३

बुधवारी मी फार्मवर गेले. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि मग मला त्यांचं ऐकावं लागलं असतं.

खोप्या रिकाम्या होत्या. चुना टाकलेला. मालकीणबाई पायरीवर बसल्या होत्या, आणि काम नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. सोबत त्यांचा दीर होता. गुळगुळीत दाढी, फोनवरून नजर हटत नाही.

गावात मला आधीच कळलं होतं, की निगेटिव्हचा कागद हातात पडल्यावर दुसऱ्याच दिवशी या दिराने अठरा डुकरं विकून टाकली. म्हणजे निगेटिव्ह कोणाला हवं होतं, ते उघड होतं.

"नमुने काढले तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"बाहेर. मी म्हटलं डॉक्टरांना, धरायला येतो. तर म्हणाले, तू बाहेरच थांब, रोग कपड्यांवरून पसरतो. पेटीला हातसुद्धा लावू दिला नाही."

"एकट्याने दहा डुकरं?"

"अर्ध्या तासात बाहेर!" मालकीणबाई म्हणाल्या. "हात आहे बाई त्यांचा."

मी मान डोलावली. वरच्या जबड्याला दोर अडकवून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने मानेत सुई घालायची, असं हे दोघांचं काम. एकट्याने करणारा माणूस मी एकच पाहिला होता, आणि तो माझा भाऊ होता.

मी फॉर्मची प्रत काढली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं," मालकीणबाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, माझे हात घाण आहेत, तुमच्या वहीतले नंबर तुम्हीच उतरवा. कुठले ते त्यांनी सांगितले."

"क्रमांक एकवीस, नर. हा कुठल्या खोपीत होता?"

"त्या कोपऱ्यातल्या."

दिराने फोन खाली ठेवला. इतका वेळ जो माणूस मान वर करत नव्हता, तो आता माझ्याकडे टक लावून बघत होता. मालकीणबाईंच्याही ते लक्षात आलं.

"काय झालं?" त्या म्हणाल्या.

"काही नाही, वहिनी."

"एकवीसचं काय झालं? बोल!"

"तो... गेल्या महिन्यातच दिला मी. सांगायचं राहिलं."

पुढची पाच मिनिटं दीर-भावजयीत जे झालं ते मी ऐकलं नाही असं समजा. चोरून डुक्कर विकणारा दीर सापडला, याचं मला काहीच नव्हतं. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडकलं होतं. एकवीस नंबरचं डुक्कर महिनाभर आधी फार्मवरून गेलेलं. मग त्या दिवशी त्याचं रक्त नळीत आलं कसं?

४

फार्मवरचे बूट-कपडे बदलून मी निघाले. परतीच्या वाटेवरच दादाचं घर लागतं. त्याच्याकडे जायला मला कधी कारण लागत नाही, पण त्या दिवशी मी स्वतःला कारण सांगत होते.

वहिनी गेल्यापासून तो एकटाच असतो. मागच्या अंगणात एक म्हातारी डुकरीण आहे, एका बंद पडलेल्या फार्मवरून मारायला नेत होते तेव्हा त्याने उचलून आणलेली. फार्म फिरणाऱ्या डॉक्टरने घरी डुक्कर पाळू नये, हे मी त्याला शंभरदा सुनावलं आहे. तो नुसता हसतो. म्हातारी माणसाळलेली आहे. मला बघून ती धावत आली आणि अंग घासायला लागली.

"बस की, धाकटे," दादा म्हणाला. "चहा टाकतो."

चहा त्याने मोठ्या मगात आणला, अर्धाच. स्वतःचाही अर्धाच.

"एवढासा? माझ्याकडून काही चूक झाली का?"

"साखर बंद केलीय, त्याबरोबर चहाही कमी."

मी मालकीणबाईंच्या फार्मबद्दल विचारलं. नेहमीसारखं गेलं, म्हणाला. एकवीस नंबरबद्दल विचारलं, तर म्हणाला, वहीत चूक असेल, कानातला बिल्ला पुसला असेल.

"तुझा मदतनीस असता तर बिल्ले तरी वाचले असते."

"तो गेला बदलून. आठ महिने झाले. मीच म्हटलं साहेबांना, मला सुटं बरं वाटतं."

तो समोर बसला होता, हात स्वेटरच्या खिशात घालून. दादा आयुष्यभर शर्टात वावरला, वरचं बटणसुद्धा लावणारा माणूस. मी म्हटलं, हा डोक्यातून घालायचा स्वेटर कुठला काढलास? तर म्हणाला, वय झालं, थंडी वाजते. बाहेर चांगलं ऊन होतं.

"त्या मुलीचं काय होणार?" त्याने उठता उठता विचारलं.

"सोमवारी काढणार."

मी जीपमध्ये बसले तरी तो दारातच उभा होता.

गुरुवारी सकाळी मी साहेबांना दिराचं सांगितलं. साहेब खूष. "बघा! त्यानेच रक्त बदललं. अठरा डुकरं विकायची होती त्याला." पण रक्त बदलायला त्याला पेटी उघडावी लागली असती, आणि पेटी दादाने सील करेपर्यंत त्याच्या हाती लागलीच नव्हती. शिवाय, दहा नळ्या भरून काढण्याइतका हात असता, तर तो माणूस चोरून डुकरं कशाला विकत बसला असता?

मी परत छटाकच्या टेबलाशी गेले. यंत्राचा कागद समोर पडला होता. विषाणूच्या रकान्यात काहीच नाही. शेजारी डुकराच्या जीनचा रकाना, तो कोणी बघत नाही. आहे म्हटलं की पुढे.

चोवीस पूर्णांक एक. चोवीस पूर्णांक दोन. चोवीस पूर्णांक एक. चोवीस पूर्णांक एक.

"हे काय गं?"

"नेटकं आहे ना?" ती म्हणाली. "म्हणून तर म्हणते, डॉक्टरांचे नमुने—"

"दुसऱ्या कोणाचे काढ."

तिने काढले. बावीस, सत्तावीस, पंचवीस, एकतीस. कसेही. दहा डुकरांचं रक्त म्हणजे ते असंच असायचं. कुणाचं दाट, कुणाचं पातळ, कुणाच्या पेशी जास्त.

"आता दादाचे मागचे काढ. सगळे."

कागद यायला लागले, तसतसा छटाकच्या तोंडचा रंग उडत गेला. आठ महिने. चौदा फार्म. एकशे चाळीस नळ्या. चोवीस पूर्णांक एक, चोवीस पूर्णांक दोन, चोवीस पूर्णांक एक.

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली, "मला वाटायचं, माझा हात बसला."

५

पैदास केंद्रासाठी आम्ही पिल्लांचे आईबाप जुळवून देतो, त्याची डीएनए तपासणी आमच्याकडे आहे. मालकीणबाईंच्या फार्मच्या दहा नळ्या, आणि मागच्या तेरा फार्मच्या उरलेल्यांतली एकेक, एवढ्या मी त्याला लावल्या.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. तेवीसच्या तेवीस नळ्यांत एकाच डुकराचं रक्त होतं. मादी.

छटाकने कागद दोनदा वाचला. "म्हणजे माझी चूक नव्हती," ती म्हणाली. मग खाली बसली आणि आता मात्र रडायला लागली. आनंदाने नाही. "चौदा ठिकाणी मी निगेटिव्ह दिलं, मॅडम. खरं काय होतं तिथे?"

मी तिला घरी पाठवलं, आणि दार लावून घेतलं.

कुठली मादी, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. पण गरज नाही म्हणून चालत नाही. पुरावा लागतो. तो कुठून आणायचा असा विचार करत मी खुर्चीवरची शाल उचलली, तर तिच्या कडेला तीन-चार राठ केस अडकलेले. पांढरट, टोकाला फाटे फुटलेले. परवा म्हातारी अंग घासत होती तेव्हाचे. त्यांतल्या दोन केसांना मुळं होती, म्हणजे डीएनए मिळणार होता.

मी ते हातात धरून किती वेळ बसले कोणास ठाऊक. टेबलाखाली कचऱ्याची बादली होती. केस झटकले असते, तर शनिवारी मी काहीही लिहू शकले असते. वाहतुकीतला दोष. अज्ञात कारण. दादाच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. आमचे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला शाळेत सोडणारा, वेण्या घालणारा, कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करणारा माणूस तो. अशा माणसाचा केस नळीत टाकायचा? शिव्या घातल्या मी, स्वतःला, त्याला, त्या डुकरिणीला.

आणि मग छटाकचा प्रश्न आठवला. चौदा ठिकाणी खरं काय होतं?

मी केस नळीत टाकले.

६

शनिवारी सकाळी निकाल घेऊनच मी त्याच्याकडे गेले. जुळले होते. तो अंगणात म्हातारीला खाऊ घालत होता. माझ्या हातातला कागद बघून त्याने काही विचारलं नाही.

"दादा, हात बाहेर काढ."

"धाकटे—"

"खिशातून हात बाहेर काढ."

त्याने काढले. उजवा हात असा थरथरत होता, की मला बघवेना.

"मी सांगते, तू फक्त चुकलं तर थांबव," मी म्हटलं. रागाने माझा आवाज चिरकत होता. "अर्धा चहा, म्हणजे सांडू नये. बटणं लागत नाहीत म्हणून स्वेटर. लिहिता येत नाही म्हणून फॉर्म दुसऱ्याच्या हातून. मदतनीस नको, म्हणजे बघणारा कोणी नको. कानातले बिल्ले तू वाचलेच नाहीस. वहीत दिसले ते नंबर सांगितलेस, म्हणून विकलेल्या डुकराचं रक्त आलं. आणि रक्त हिचं. हिला कानाच्या शिरेतून काढता येतं, खाता खाता. हात टेकवून, थेंब थेंब. दहाही नळ्या तू घरूनच भरून नेल्या होत्यास."

"हो," तो म्हणाला. "असू द्याव्यात म्हणून."

"असू द्याव्यात?"

"प्रत्येक वेळी वाटायचं गं, आज जमेल. त्या दिवशीसुद्धा आत जाऊन एकाला दोर लावला. तीनदा सुई घातली. तीनदा चुकली. चौथ्यांदा माझ्याच हातात गेली." त्याने डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. "मग पेटीतल्या नळ्या काढल्या."

"ती डुकरं तापाने पडलेली होती, दादा! तू डॉक्टर आहेस, डोळ्यांनी दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. साधा ताप असेल असं वाटलं. वाटलं म्हणजे, वाटून घेतलं. आजार सांगितला असता तर पुन्हा नमुने काढायला पाठवलं असतं, सोबत दोन माणसं देऊन."

"तू नुसतं सांगायचंस, हात चालत नाही म्हणून! कोणी फाशी दिलं असतं का?"

"खुर्चीत बसवलं असतं. शिक्के मारायला." तो म्हातारीकडे बघत होता. "मला दुसरं काय येतं, धाकटे?"

मला रडू कोसळलं, आणि त्याच वेळी त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. "त्या पोरीवर आळ आला तेव्हाही गप्प बसलास तू."

त्याने म्हातारीपुढचं घमेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाला, "कागद आणला आहेस? लिही तू. सही करतो मी, जमेल तशी."

७

साहेबांनी जबाब वाचला आणि दरवाजा लोटून घेतला.

"मॅडम, कशाला? तांत्रिक कारण लिहा. मुलीला काढत नाही, वचन देतो. तुमचे बंधू चार महिन्यांत सुखाने घरी. कोणाचं वाईट होत नाही."

"आणि चौदा फार्म?"

"ते... बघू हळूहळू."

"रोग हळूहळू बघत नाही," मी म्हटलं, आणि अहवाल त्यांच्या पुढ्यात ठेवला. छटाक निर्दोष, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, म्हणजे साहेबांनी पुढचं वाचलं नाही तरी तेवढं वाचलं जावं. त्याखाली दादाचं नाव. आठ महिन्यांचे त्याचे सगळे नमुने रद्द.

मग आठवडाभर मी आणि छटाक फिरलो. ती दोर धरायची, मी सुई घालायची. माझे गुडघे बोलायला लागले आणि तिच्या अंगभर चिखल. लोक दारात विचारायचे, आता परत कशाला, मागे तर निगेटिव्ह आलं होतं ना? दर वेळी छटाकच उत्तर द्यायची. मी सांगते म्हटलं तरी ऐकायची नाही. "कागद मी दिला होता, मॅडम."

चौदा फार्मपैकी सहा ठिकाणी रोग निघाला. एकीकडे तर अडीच महिन्यांपासून डुकरं मरत होती, पण कागदावर रोग नव्हता म्हणून मालक खाद्याच्या दुकानदाराला शिव्या देत बसला होता. सगळ्यांना आदेश गेले. रोग सापडला त्याच्या एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरं मारायची, आजारी असोत वा नसोत. सहावा फार्म दादाच्या घरापासून पाऊण किलोमीटरवर होता.

तिथे दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. मी नाही पाठवलं. छटाक न विचारताच जीपमध्ये येऊन बसली.

दादा अंगणातच होता. तिला बघून त्याने हात जोडले. "पोरी, तुझ्यावर आळ आला ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही."

छटाकने त्याच्याकडे बघितलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मलाही ते बरोबरच वाटलं. नऊ वर्षं घासून मिळवलेलं नाव त्याने आठवडाभर चिखलात पडू दिलं होतं.

"काल हिचं रक्त नेलं होतंस ना?" दादाने मला विचारलं. "काय आलं?"

"निगेटिव्ह."

"मग?"

"तरी मारायची, दादा. आदेश आहे."

त्याने मान हलवली. असे आदेश त्याने तीस वर्षं दुसऱ्यांना वाचून दाखवले होते. मी औषध भरायला घेतलं. म्हातारी माझ्या हातातली सुई हुंगत होती आणि मला काही सुचत नव्हतं.

"डॉक्टर, तुम्ही धरा तिला," छटाक म्हणाली. "आम्हाला घाबरेल ती."

दादा मातीतच बसला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी कानाची शीर शोधली, सुई घातली. म्हातारी हलली नाही, ओरडली नाही. तिला वाटलं असणार, नेहमीसारखं रक्तच काढतायत.